टीचरशी बोलायचं काय, घरी करायचं काय: नागपूरच्या पालकांसाठी

आपल्या विदर्भात शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून उघडतात. तिकडं पुण्या-मुंबईची पोरं रेनकोट घालून शाळेत जाऊन राहिली असतात तेव्हा आपल्याकडं कूलर चालूच असतो, आणि मग जूनच्या शेवटी सगळं एकदम अंगावर येतं. सीताबर्डीला जाऊन ड्रेस आणा, वह्या-पुस्तकं आणा, व्हॅनवाल्या काकांशी पैशे ठरवा, टिफिन, बॉटल, बूट. या सगळ्या धावपळीत एक काम राहूनच जातं, ते म्हणजे वर्गशिक्षकांना भेटून आपल्या पोराबद्दल दोन गोष्टी सांगणं. फी भरली, पुस्तकं दिली, आता शाळा जाणे नि पोट्टं जाणे असं आपण धरून चालतो आणि पहिल्या युनिट टेस्टचे पेपर हातात आले की मग तणतणत विचारायला जातो, मॅडम याला काही येतच नाही का म्हणून.

मी स्वतः पालक आहे, मोठी अनुदानित शाळेत आणि लहाना इंग्लिश मीडियमला, त्यातून काही काळ शाळा व्यवस्थापन समितीवरही होते, म्हणजे दोन्ही तऱ्हेच्या मीटिंगा पाहून झाल्या. माझं म्हणणं सरळ आहे. शाळेशी संबंध ठेवणं म्हणजे गॅदरिंगला पुढच्या खुर्चीत बसणं नाही, आणि रोज रात्री पोराच्या वहीवर तुटून पडणं तर नाहीच नाही. टीचरला तुमचं मूल दिवसाचे पाच-सहा तास दिसतं पण चाळीस पोरांच्या गर्दीत, तुम्हाला ते उरलेला वेळ दिसतं पण शाळेबाहेर. दोघांजवळ अर्धी-अर्धी माहिती आहे, ती एकमेकांना द्यायची, एवढंच काम आहे. कसं द्यायचं ते खाली लिहिते.

पहिल्या दोन आठवड्यांत: एक कागद

शाळा उघडल्यावर गर्दी जरा ओसरू द्या आणि मग सुट्टीच्या वेळी गेटवर पाच मिनिटं मागा किंवा डायरीत एक कागद घालून द्या. मोठं पत्र नको. साधारण असं:

"मॅडम, शाळा सुटली की हा सातपर्यंत आजीजवळ असतो, आजीला वाचता येत नाही म्हणून होमवर्क रात्रीच होते. एका कानानं थोडं कमी ऐकू येतं, पुढं बसवलं तर बरं होईल. घरी आम्ही हिंदी बोलतो, मराठी त्याला सगळी कळते पण बोलायला लाजतो. चित्रं फार छान काढतो. काही वाटलं तर पाचनंतर फोन करा, दिवसा कंपनीत फोन जमा करावा लागतो."

बस. यातली प्रत्येक ओळ टीचरला कामाची आहे. तिला आता माहीत आहे की होमवर्क अर्धवट आलं तर ते आळसानं नाही, फोन दिवसा लागणार नाही, आणि पोरगा गप्प बसला म्हणजे त्याला येत नाही असं नाही. भाषेची गोष्ट तर आपल्या नागपुरात फारच महत्त्वाची आहे. अर्धा मोहल्ला हिंदी बोलतो, पारडी-कळमना साइडला कामाला आलेल्या कितीतरी घरांत छत्तीसगढी चालते, आणि अशा घरातलं लेकरू पहिलीत मराठी मीडियमला बसलं की दोन-तीन महिने तोंडच उघडत नाही, मग त्याच्यावर "स्लो आहे" असा शिक्का बसतो तो चौथीपर्यंत पुसत नाही. तुम्हीच सांगितलं नाही तर टीचरला कळणार कुठून?

दम्याचा त्रास, फिट येणं, चष्मा, घरात नुकतंच कोणी गेलं असेल, आई-बाबा वेगळे राहत असतील, हेही सांगा. लाज वाटते हे खरं आहे, पण सगळं उलगडून सांगायची गरज नाही, "घरी सध्या जरा अडचण आहे, हा गप्प राहिला तर सांभाळून घ्या" एवढं पुरे. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, त्यानं काही बिघडत नाही. आणि डोळ्यांचं म्हणाल तर पोरगं बोर्डावरचं सोडून शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून राहिलं आहे का हे टीचरला विचारा, घरी टीव्हीच्या पुढ्यात जाऊन बसते का हे तुम्ही पाहा. सरकारी आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम तपासणीला येते, त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका.

पीटीएम (पालक-शिक्षक मीटिंग): तीन मिनिटांत काय विचारायचं

खरं सांगू का, पोराबद्दल बोलायला पीटीएमसारखी वाईट जागा दुसरी नाही. मागं लाईन लागली असते, टीचर सकाळपासून तेच तेच बोलून थकली असते आणि आपण विचारतो, "कसा आहे अभ्यासात?" त्यावर ठरलेलं उत्तर येतं, "चांगला आहे, पण मस्ती करतो, घरी थोडं लक्ष द्या." झालं, दोघं मोकळे, पोराला घरी नेऊन दोन फटके. यातून कोणालाच काही मिळत नाही.

प्रश्न बारीक विचारा म्हणजे उत्तरही बारीक येतं. गणितात नेमका कुठं अडतो? वाचायला कोण तयार म्हटलं तर स्वतः हात वर करतो का? डबा खायला कोणासोबत बसतो? (हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, अर्धी दुखणी इथंच सापडतात.) आणि शेवटी, पुढच्या महिन्यात घरी मी एकच गोष्ट करायची तर कोणती करू? एकच मागा, दहा गोष्टी सांगितल्या तर त्यातली एकही होत नाही.

आमच्या वस्तीतली एक ताई भाजीचा ठेला लावते. तिचा मुलगा तिसरीत, त्याच्या वहीत 52 वजा 27 चं उत्तर 35 लिहिलेलं. मॅडम म्हणाल्या वजाबाकी येत नाही. ताई म्हणे, काहून नाही येत, ठेल्यावर गिऱ्हाइकाला चिल्लर हाच परत देते, आजवर एक रुपया चुकला नाही! मॅडमनं वही परत पाहिली. पोरगं प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करून राहिलं होतं, सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. दशक सुटा करायचा हे त्याला कागदावर सुचतच नव्हतं, पण ठेल्यावर दहाची नोट सुटी करून तो तेच तर रोज करत होता. मग मॅडमनं वर्गात दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी काढली, पाच नोटा आणि दोन नाणी ठेव, आता मला सत्तावीस दे. दोन नाण्यांत सात बसत नाहीत म्हटल्यावर त्यानं स्वतःच एक नोट सुटी मागितली. मॅडमला ठेला माहीत नव्हता आणि ताईला 35 माहीत नव्हते, दोघी समोरासमोर बसल्या म्हणून गाठ सुटली.

म्हणून पीटीएमला जाताना वही घेऊन जा, आणि तुम्हाला घरी जे दिसतं ते बोला. पोराला टीचरसमोर रागावू नका, तो तिथंच उभा असतो आणि त्याच्याबद्दल तो नसल्यासारखं बोलणं फार वाईट. उलट त्यालाच विचारा, तुला काय कठीण जाते, सांग मॅडमला.

तीन मिनिटांत भागत नसेल तर वेगळी वेळ मागा. संकोच करू नका. शिक्षण हक्क कायदा 2009 मध्ये शिक्षकांच्या कामांतच लिहिलं आहे की पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, शिकायची क्षमता आणि प्रगती सांगायची. म्हणजे तुम्ही काही मेहेरबानी मागून नाही राहिले. वेळेचंही तसंच, शनिवारी सकाळी अकराला मीटिंग ठेवली तर हिंगणा एमआयडीसीत किंवा बुटीबोरीला फर्स्ट शिफ्टला असणारा माणूस येणार कसा? एकट्यानं बोललं तर कोणी ऐकत नाही, आठ-दहा पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना अर्ज द्या की एखादी मीटिंग संध्याकाळी किंवा रविवारी ठेवा. अर्ज दिला की बऱ्याच शाळा ऐकतात. आणि बाबा लोकांनो, गेटबाहेर गाडीवर बसून मोबाईल पाहण्यापेक्षा वर या, आत कोणी खात नाही.

पाचवी आणि आठवीवाल्यांनी एक लक्षात ठेवा, महाराष्ट्रात 2023-24 पासून या दोन वर्गांना वार्षिक परीक्षा आहे, नापास झालं तर पुन्हा एक संधी मिळते आणि त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात बसावं लागतं. तेव्हा एप्रिलची वाट पाहू नका, पहिल्या सत्राचा निकाल हातात आला की लगेच जाऊन बसा टीचरसमोर.

घरी काय करायचं (आणि काय नाही)

आता इथं बऱ्याच आया माझ्यावर चिडतील. होमवर्क तुम्ही करून देऊ नका. प्रोजेक्ट तर बिलकुलच नाही, थर्माकोलची ती घरं कोणी बनवली हे टीचरला पाहताक्षणी समजते.

हे फक्त माझं मत नाही. 2009 साली अमेरिकेतल्या नॅन्सी हिल आणि डायना टायसन या दोघींनी मिडल स्कूलच्या, म्हणजे साधारण आपल्या सहावी ते आठवीच्या मुलांवरचे 50 अभ्यास एकत्र करून तपासले. पालकांनी लक्ष घातलं की मार्कांवर चांगला परिणाम दिसतो असं त्यांना आढळलं, पण होमवर्कमधली मदत तेवढी त्याला अपवाद निघाली. सगळ्यात जास्त संबंध दिसला तो शिक्षण कशासाठी हे मुलाशी बोलण्याचा, त्याला पुढं काय व्हायचं आहे त्याच्याशी आजचा अभ्यास जोडून दाखवण्याचा, अभ्यासाच्या युक्त्या सांगण्याचा. आता कच्च्या मुलालाच घरी जास्त मदत मिळते हेही आहे, त्यामुळं मदत केल्यानं मार्क कमी होतात असा सरळ अर्थ काढू नका. पण आई उत्तरं सांगून राहिली आणि पोरगं लिहून राहिलं तर शाळेला वाटते याला येते, आणि जे येत नाही ते तसंच खाली दबून राहते, हे तर आपण रोजच पाहतो.

मग करायचं काय? जागा आणि वेळ ठरवून द्या, तेवढा वेळ टीव्ही बंद म्हणजे बंद, सगळ्यांचा, आजोबांच्या बातम्या पण. अडलं तर पाच मिनिटं अडू द्या. तरीही नाही जमलं तर वहीत बाजूला लिहून पाठवा, "हे घरी जमलं नाही, त्याला हातचा समजला नाही असं वाटते." अर्धवट होमवर्कवर लिहिलेली ही एक ओळ तुम्ही करून दिलेल्या पूर्ण होमवर्कपेक्षा टीचरच्या जास्त कामाची आहे.

लहान वर्गांत सगळा जोर वाचनावर ठेवा. केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान 2021 पासून चालू आहे, त्याचं लक्ष्यच हे आहे की तिसरीपर्यंत मुलाला समजून वाचता आलं पाहिजे आणि साधी गणितं आली पाहिजेत. आता यात एक गंमत होते, पोरं पुस्तकातला धडा पाठ करून धडाधड म्हणतात आणि आपण खूश, वाचते म्हणून. एकदा मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारा, हा कोणता? किंवा बिस्किटाच्या पुड्यावरचं, एसटीच्या पाटीवरचं, लग्नाच्या पत्रिकेतलं वाचायला लावा. अडखळलं तर रागावू नका, कुठं अडखळलं ते टीचरला सांगा, काना-मात्रेत, जोडाक्षरात की शब्द वाचून अर्थच नाही लागत. तिन्हींचा इलाज वेगळा आहे. ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही तिनं पोराला रोज एक गोष्ट वाचून दाखवायला सांगावं आणि मधेमधे विचारावं, मग पुढं काय झालं? एवढ्यावरून तिलाही समजते की त्याला कळलं का नुसतं वाचलं.

"आज शाळेत काय शिकवलं?" हा प्रश्न सोडून द्या, उत्तर "काही नाही" असंच येते. त्यापेक्षा आज सर कशावर हसले, कोणाला रागावले, खिचडी कशी होती, तुला एखाद्याला काही समजावून सांगावं लागलं का, असं विचारलं तर धागा सुटतो. बाजारात घेऊन जा. बुधवार बाजारात एक पाव कोथिंबीर, अर्धा किलो वांगे, पन्नासातून किती उरले, हे त्यालाच करू द्या, मागं गर्दी झाली तरी चालेल.

आणि एक गोष्ट आपण विसरून जातो, शाळेला देण्यासारखं आपल्याजवळ पुष्कळ आहे. गोळीबार चौकाकडच्या कितीतरी घरांत आजोबांनी अख्खी जिंदगी मागावर काढली. ताणा-बाणा म्हणजे काय, एका लुगड्याला किती दिवस लागायचे हे त्यांनी चौथीच्या वर्गात येऊन अर्धा तास सांगितलं तर पोरं कान टवकारून ऐकतील. काटोल-नरखेडकडं संत्र्याची बाग आहे त्या मामांनी आंबिया आणि मृग बहार, म्हणजे संत्र्याचे दोन हंगाम, समजावून सांगावे. पोराला वाटते माझ्या आजोबाला टीचर पण प्रश्न विचारून राहिली, आणि त्या दिवसापासून त्याची शाळेतली बसायची पद्धतच बदलते. तान्ह्या पोळ्याला बऱ्याच शाळा लाकडाचे नंदीबैल घेऊन या म्हणतात, तेव्हा आपण फक्त बैल सजवून देतो, त्या आठवड्यात असं काही विचारून पाहा, शाळांना हवंच असतं पण विचारायचं कोणी म्हणून अडतं.

रामन सायन्स सेंटर, अजब बंगला इथं तर आपण जातोच, फक्त जायच्या आधी टीचरला विचारून घ्या सध्या काय चालू आहे. चुंबकाचा धडा चालू असताना सायन्स सेंटरला गेलं तर पोरगं वर्गात चार गोष्टी जास्त बोलते.

व्हॉट्सअॅप ग्रुप

थोडक्यात. होमवर्क, सुट्टी, टेस्टची तारीख यासाठी ग्रुप. तुमच्या पोराची तक्रार, दुसऱ्याच्या पोराची तक्रार, टीचरची तक्रार, यातलं काहीही ग्रुपवर नाही. रात्री दहानंतर मॅडमला "उद्या रंगीत ड्रेस आहे का" विचारू नका, ग्रुपवर वर जाऊन पाहा, लिहिलेलं असते. गुड मॉर्निंगची फुलं टाकणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

समिती असते, तिथं बसा

सरकारी आणि अनुदानित शाळांत शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती लागते, तिच्यात किमान तीन चतुर्थांश सभासद पालक आणि एकूण सभासदांत अर्ध्या बायका असाव्या लागतात. सरकारी शाळेत शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, विकास आराखडा बनवणं, आलेला पैसा कुठं गेला हे पाहणं ही तिची कामं, अनुदानित शाळेत तिचं काम सल्ल्यापुरतं असते पण सल्ला कागदावर येतो हेही कमी नाही. कागदावर भारी वाटते, प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी रजिस्टर फिरते, सह्या होतात आणि चहा पिऊन घरी. तुमचं नाव आलं तर एवढं करा: एका वेळी एकच मुद्दा लावून धरा. एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या वर जाते, वर्गातले पंखे चालू आहेत का, पिण्याचं पाणी थंड आहे का, मुलींच्या संडासाला आतून कडी आहे का. हे शिक्षणाचे मुद्दे नाही वाटत, पण कडी नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणारी मुलगी दुपारच्या गणितात काय लक्ष देईल? मुद्दा बोललात की तो इतिवृत्तात लिहायला लावा आणि पुढच्या मीटिंगला तेच पान उघडायला सांगा.

प्रायव्हेट शाळेत पालक-शिक्षक संघ असतो. महाराष्ट्राच्या 2011 च्या फी नियमन कायद्यात त्याची कार्यकारी समिती आहे आणि फी वाढवायचा प्रस्ताव तिच्यासमोर यावा लागतो. फी वाढल्यावर गेटबाहेर ओरडण्यापेक्षा वर्षाच्या सुरवातीला समितीसाठी नाव द्या.

तक्रार असेल तर

आधी पोराचं ऐका, पण त्याच्या तोंडात शब्द घालू नका. "मॅडमनं मारलं का तुला?" असं विचारलं तर लहान लेकरू हो म्हणून मोकळं होते. "काय झालं, मग काय झालं, तेव्हा कोण होतं" असं विचारा. मग पहिल्यांदा वर्गशिक्षकांकडंच जा, एकटे, आवाज न चढवता, आणि निकाल न सांगता गोष्ट सांगा: "हा तीन दिवसांपासून सकाळी पोट दुखते म्हणते, रविवारी नाही दुखत, वर्गात काही झालं का?" याला टीचर उत्तर देऊ शकते. "तुम्ही माझ्या पोराला टार्गेट करून राहिल्या" याला कोण काय उत्तर देईल.

नाही सुटलं तर मुख्याध्यापक, लेखी, तारीख टाकून, एक कॉपी आपल्याजवळ पोच घेऊन. त्याच्यावर शहरात महापालिकेचा शिक्षण विभाग, गावाकडं केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी. मारहाण किंवा मानसिक त्रास असेल तर मात्र पायऱ्या चढत बसू नका, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं दोन्हीला बंदी आहे, त्याच दिवशी मुख्याध्यापकांना लेखी द्या.

आणि प्रकरण मिटलं तर तेही जाऊन सांगा. "पोट दुखायचं थांबलं, तुम्ही त्याला खिडकीजवळून उठवलं ते बरं केलं." शिक्षकांना पालकांचे फोन येतात ते नव्वद टक्के भांडायलाच, त्यातून त्यांना बीएलओची म्हणजे मतदारयादीची ड्युटी, इलेक्शन, सर्वे, रोज एक ऑनलाईन माहिती भरा. असा एखादा मेसेज आला की पुढच्या वेळी तुमचं नाव स्क्रीनवर दिसलं तर त्या फोन उचलतात.